गोविंदाला त्या दिवशी काय माहीत होतं?

सातवीच्या वर्गात रघुनाथरावांचं नाव निघालं की मुलं एका सुरात ओरडायची, "काका, मला वाचवा!" एखादा गळा धरून बाकावर कोसळायचा. मागच्या रांगेतून कोणीतरी "ध चा मा" म्हणायचं, सगळे हसायचे आणि पेशवाईतला सर्वांत गुंतागुंतीचा काळ दीड मिनिटात संपायचा. मी मराठी शिकवत होते, इतिहास माझा विषय नव्हता. पण हे वर्षानुवर्षं बघताना आत काहीतरी टोचत राहायचं. अठरा वर्षांच्या मुलाचा, पेशवा नारायणरावांचा, त्याच्याच घरात खून झाला होता आणि दोष आला होता चुलत्यावर, रघुनाथरावांवर. त्यानंतर इंग्रजांशी सालबाईचा तह होईपर्यंत जवळपास नऊ वर्षं पुण्यात, पुरंदरावर, सुरतेत आणि मुंबईत जे राजकारण चाललं, त्यात वेषांतर, फितुरी, तोतया, पळापळ आणि न जन्मलेल्या बाळाच्या नावाने चालवलेलं राज्य असं सगळं होतं. मुलांच्या हाती मात्र त्यातली दोन वाक्यं उरली होती.

त्यातून कुमारवयीन वाचकांसाठी चार पुस्तकांची मालिका लिहायचं ठरवलं. ठरवलं तेव्हा वाटलं होतं, वर्षाला एक पुस्तक होईल. पहिल्यालाच तीन वर्षं लागली.

सुरुवातीचा आराखडा सरळ होता. पहिलं पुस्तक ३० ऑगस्ट १७७३ पासून, म्हणजे नारायणरावांच्या हत्येपासून, रघुनाथरावांविरुद्धचे कारभारी, म्हणजे बारभाई, एकत्र येईपर्यंत. दुसरं पुरंदरावरचं, सवाई माधवरावांच्या जन्माचं. तिसऱ्यात सुरतेचा तह, अडासची लढाई आणि भाऊसाहेबांचा तोतया. चौथं वडगावचं, जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावापर्यंत आली आणि तिला शरण यावं लागलं तिथपर्यंत. चारही पुस्तकांत एकच मुलगा असेल, गोविंदा. पहिल्या पुस्तकात तो बारा वर्षांचा आहे. फडात, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, शाई घोटतो, बोरू तासून देतो, ओल्या अक्षरांवर वाळू टाकतो आणि मोडी शिकतो. असा मुलगा मोठ्यांच्या खोलीत असतो, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. कारस्थानाच्या गोष्टीला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही, याची मला खात्री होती.

पहिला खर्डा चारशे पानांचा झाला आणि तो वाईट होता. कारण समजायला मला आठ महिने लागले. गोविंदाला सगळं माहीत होतं! कारभारी सखारामबापू कोणाच्या बाजूने आहेत, इंग्रजांना साष्टी आणि वसई का हवी आहे, गारद्यांना, म्हणजे वाड्यावरच्या पगारी शिपायांना, कोणी फूस दिली, हे सगळं तो बाराव्या वर्षी जाणून होता, कारण मी ते वाचलेलं होतं. तो माझा कारकून झाला होता. मी वाचायचं आणि त्याने बोलायचं.

त्याच सुमारास मी मोडी शिकायला लागले. आठवड्यातून दोन संध्याकाळी. शिकवणारे गुरुजी सत्तरी ओलांडलेले, अतिशय शांत. आधी कागदावर आडवी रेघ मारायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची, शक्यतो हात न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. पहिल्या महिन्यात एक ओळ वाचायला पाऊण तास लागायचा. तारखांचं निराळंच प्रकरण. 'छ' हे अक्षर, त्यापुढे मुसलमानी महिन्याची तारीख, आणि सालाचा आकडा अरबी शब्दांत. 'अर्बा सबैन मया व अलफ' म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार, अकराशे चौऱ्याहत्तर. हे साल मृग नक्षत्र लागलं की बदलतं. जून ते डिसेंबरमधली तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ६००. असा हिशेब करून पहिल्यांदा १७७३ हा आकडा माझ्या वहीत उतरला, तेव्हा मी गुरुजींना पेढे नेऊन दिले.

पण माझं पुस्तक सुटलं ते अक्षर वाचता आल्यामुळे नाही. एका संध्याकाळी जुन्या पत्राच्या कोपऱ्यात वेगळ्या हातचं बारीक अक्षर दिसलं. मी विचारलं, हे काय? गुरुजी म्हणाले, "पैवस्ती. पत्र इकडे पोचलं त्या दिवसाची नोंद. लिहिलं कधी ते वर आहे, मिळालं कधी ते इथे."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. लिहिल्याची तारीख एक, मिळाल्याची दुसरी. मधले सगळे दिवस पत्र पाठवणाऱ्याला एक गोष्ट माहीत आहे आणि घेणाऱ्याला नाही. तो अजून कालच्याच जगात वावरतोय, कालच्याच माहितीवर हुकूम सोडतोय. राजकारण त्या मधल्या दिवसांत घडतं. जासूद रस्त्यात असताना घडतं. आणि मी लिहीत होते त्या गोष्टीत तर सगळ्यांना सगळं एकाच वेळी कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा कागद लावला. उभे सहा रकाने: नाना फडणीस, सखारामबापू बोकील, रघुनाथराव, न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, मुंबईकर इंग्रज आणि गोविंदा. आडव्या ओळींत तारखा. प्रत्येक चौकोनात एवढंच लिहायचं: या माणसाला आज काय माहीत आहे. खरं काय घडलं, ते या कागदावर नाही. ते वेगळ्या वहीत.

हा कागद भरताना ३० ऑगस्टचा दिवस माझ्यासमोर नव्याने उभा राहिला. भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, सोमवार. गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आलेले. वाड्यात काहीतरी शिजतंय असा इशारा त्यांना रघुजी आंग्र्यांकडून मिळाला होता आणि त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं होतं. हरिपंत जेवायला गेले. तेवढ्या वेळात, दुपारी, थकलेल्या पगाराचा बहाणा करून गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसफ. नारायणराव चुलत्याच्या दालनाकडे धावले, तिथे तुळाजी पवाराने त्यांना ओढलं. चापाजी टिळेकर मध्ये पडला, तोही गेला. दासींचेही जीव गेले.

पहिल्या खर्ड्यात हे सगळं मी गोविंदाच्या डोळ्यांसमोर घडवलं होतं. आता त्याच्या रकान्यात काय लिहायचं? तो फडात आहे. आरडाओरडा ऐकतो. कोणीतरी दार लावून घेतं. तासभर तो टेबलाखाली, नाही, तेव्हा टेबल कुठलं, तो रुमालांच्या चळतीमागे बसून आहे. कापडात बांधलेली ती दप्तरं, त्यांचा धुळीचा आणि शाईचा वास. त्याला फक्त पावलं ऐकू येतात. मग एक प्रदीर्घ शांतता. आणि संध्याकाळपर्यंत शहरात तीन वेगवेगळ्या बातम्या: गारद्यांनी बंड केलं, श्रीमंत जखमी आहेत, श्रीमंत पळून गेले. त्याचं सकाळचं काम मात्र त्याला आठवतं. हरिपंतांकडे जायची चिठ्ठी त्याने वाळू टाकून सुकवली होती. (ही चिठ्ठी माझ्या कल्पनेतली. पुस्तकाच्या शेवटी कल्पित काय ते स्पष्ट सांगितलं आहे, मुलांना ते सांगितलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.)

हे प्रकरण नऊ पानांचं होतं. एकही तलवार दिसत नाही. शाळेतल्या आठ मुलांना मी ते वाचून दाखवलं. हीच मुलं बाकावर कोसळायची. सगळी गप्प होती. एकीने विचारलं, "बाई, ती चिठ्ठी आधी पोचली असती तर?" तिला उत्तर दिलं नाही. मलाच गळ्याशी आवंढा आला होता.

तिथपासून 'ध चा मा'चं काय करायचं, तेही ठरलं. 'धरावे' या शब्दाचं रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'मारावे' केलं, ही आख्यायिका मराठी घरात कोणाला माहीत नाही? ती वगळली असती तर मुलांनी पुस्तक मिटलं असतं. तिला खरी घटना म्हणून मांडणं मला मान्य नव्हतं. मग ती गोविंदाच्या कानावर येते, जशी अफवा यावी तशी. पहिल्यांदा मंडईत, एका माणसाच्या तोंडून. आठ दिवसांनी दुसऱ्याकडून, थोडी बदललेली. तिसऱ्यांदा ती त्याच्याच फडातला एक कारकून सांगतो, जणू तो कागद त्याने स्वतः पाहिला होता. गोविंदा मोडी शिकतोय. तो रात्री बोरू घेऊन 'धरावे' लिहितो आणि त्याचं 'मारावे' करून बघतो. एकदा, दोनदा, दहादा. त्याला काय वाटलं ते मी लिहिलं नाही. पानावर कागद तेवढा ठेवला.

यावर पहिल्या प्रकाशनसंस्थेशी माझं बिनसलं. संपादकांनी हस्तलिखित मनापासून वाचलं होतं, पण त्यांचा आग्रह होता की आनंदीबाईंना सरळ खलनायिका करा, मुलांना राग काढायला कोणीतरी लागतं. मला ते पटलं नाही. मुलांना राग येतोच, तो कोणावर काढायचा हे त्यांना ठरवू द्यावं. शिवाय भिंतीवरचा कागद मला काहीतरी वेगळं सांगत होता. १७७४ साली एप्रिलच्या अठराव्या दिवशी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंना मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळिसाव्या दिवशी तो पेशवा झाला. आणि १० जानेवारी १७७५ ला, नवरा परागंदा झालेला असताना, आनंदीबाईंना धारच्या किल्ल्यात मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. नऊ महिन्यांच्या आत दोन बायका दोन किल्ल्यांवर बाळंत झाल्या. दोन्ही बाळं पुढे पेशवे झाली. एकीला सगळे जपत होते ते तिच्या पोटातल्या गादीसाठी. दुसरीचा आसरा नवऱ्याच्या हरण्या-जिंकण्याबरोबर बदलत होता. हे दिसल्यावर आनंदीबाईंना काळ्या शाईत बुडवून ठेवणं मला शक्य नव्हतं. त्यांना निर्दोष ठरवणंही माझं काम नव्हतं. हस्तलिखित परत घेतलं. दीड वर्ष ते तसंच पडून होतं.

त्या दीड वर्षात मी पुरंदरला तीनदा गेले. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. नारायणपूरहून रस्ता चढतो. माचीवर पुरंदरेश्वराच्या देवळामागे पेशव्यांच्या वाड्याचे अवशेष आहेत. जोती, थोड्या भिंती, वाढलेलं गवत. समोर वज्रगड. पहिल्या वेळी मी टिपणं काढली, दुसऱ्या वेळी मोजमापं घेतली, तिसऱ्या वेळी नुसती बसले. वारा इतका की वही उघडी राहत नव्हती. नुकत्याच विधवा झालेल्या, दिवस गेलेल्या मुलीला इथे आणलं, बरोबर पार्वतीबाई. भाऊसाहेबांच्या पत्नी, पानिपतावर नवरा दिसेनासा झाला तरी त्यांनी स्वतःला कधी विधवा मानलं नाही. या दोघी एका छताखाली. एकीचा नवरा तिच्या घरात मारला गेलेला, दुसरीचा तेरा वर्षं परत न आलेला. त्या काय बोलत असतील, हा एक अख्खा अध्याय मला तिथल्या वाऱ्याने दिला. नानांचं सगळं राजकारण या दोघींच्या दारापर्यंत येऊन थांबायचं, कारण मुलगा होईल की मुलगी, हे नानांच्याही हातात नव्हतं.

नानांविषयी लिहिणं सर्वांत अवघड गेलं. पेशवाईतले साडेतीन शहाणे म्हणून सखारामबापू, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि नाना यांची नावं घेतात, त्यातले अर्धे नाना, कारण ते तलवारबहाद्दर नव्हते. मुलांना हे फार आवडतं. हत्येच्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते. पानिपतातून जीव वाचवून परतलेला, मितभाषी, सावध माणूस. बारभाईंनी रघुनाथरावांची छावणी सोडली ती एकेक करून, प्रत्येकाने वेगळं निमित्त सांगून. कोणाची तब्येत, कोणाचं घरचं काम. ही प्रकरणं लिहिताना मला खूप आनंद झाला. वाचकाला प्रत्येक निमित्त खरं वाटावं आणि तिसऱ्या माणसापाशी आल्यावर त्याच्या लक्षात यावं, अरे, हे सगळे निघून चालले आहेत! आठ वाचक मुलांपैकी सहा जणांना ते तिसऱ्यापाशीच कळलं. एकाला दुसऱ्यापाशी. त्याला मी पुढचे सगळे खर्डे आधी वाचायला दिले, तो जिथे आधीच ओळखतो तिथे मला मागे जाऊन दुरुस्ती करता येते.

पण पुढे काय? याच सखारामबापूंना नानांनीच कैदेत टाकलं. प्रतापगड, मग रायगड, तिथेच १७८१ मध्ये ते वारले. चुलतभाऊ मोरोबांनाही त्यांनी सोडलं नाही. पहिल्या पुस्तकात नानांवर जीव लावून बसलेल्या मुलांना चौथ्यात हे कसं सांगायचं? मी आधी टाळलं होतं, वडगावच्या विजयात सगळं झाकून टाकायचा विचार होता. वडगावला तेवढं सामर्थ्य आहेही. इंग्रजांच्या वाटेवर अन्न-वैरण राहू नये म्हणून मराठ्यांनी तळेगाव जाळलं. कॅप्टन स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा', कार्ल्याला पडला, आणि शत्रू असूनही त्याच्या धाडसाची आठवण मावळात राहिली. १६ जानेवारी १७७९ ला करार झाला. मुलांना या भागात श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. पण गोविंदा आता अठराचा आहे. ज्या दिवशी नारायणरावांचा खून झाला त्या दिवशी ते जेवढे होते तेवढाच. सखारामबापूंना अटक करायचा कागद त्याच्यापुढे येतो, साफ अक्षरात उतरवून काढायला. तो ते काम करतो की नाही, हे चौथ्या पुस्तकात आहे.

भाषेपाशी मला बरेच दिवस अडखळायला झालं. त्या काळच्या पत्रांत फारसी शब्दांची रेलचेल: तजवीज, तहकीक, मसलत, फितवा. शेवटी 'बहुत काय लिहिणे'. हे काढून टाकलं तर पुस्तकाला आजच्या कपड्यांचा वास येतो. ठेवलं तर बारा वर्षांचं मूल अडतं. तळटीपा मला नको होत्या, गोष्टीतून डोळा खाली गेला की परत वर यायला वेळ लागतो. मग असं केलं की प्रत्येक शब्द आधी गोविंदाला अडतो. 'खातरजमा' लिहिताना तो चुकतो, मोठा कारकून त्याला विचारतो, "खात्री झाल्याशिवाय शब्द लिहिलास कसा?" मुलांना अर्थ कळतो, कोणी समजावलं असंही वाटत नाही. 'खातरजमा' तर आपण आजही म्हणतो, मुलांना त्याचं फार नवल वाटलं. एका पुस्तकात असे चाळीसपेक्षा जास्त शब्द घ्यायचे नाहीत, हे मी स्वतःपुरतं ठरवलं आणि पाळलं. संवादांत मात्र बोलण्याची ठेवण तेवढी जुनी ठेवली. कारकून नानांना 'आपण' म्हणेल, गोविंदाला 'अरे' म्हणेल, आणि गोविंदाची आई त्याला जे म्हणते ते कुठल्याही काळातली आई म्हणेल.

तोतयाचं प्रकरण मुलांनीच वाढवायला लावलं. रत्नागिरीच्या कैदेतून सुटलेला एक माणूस स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवतो, कोकणातले किल्ले त्याच्या हाती जातात, माणसं त्याच्यामागे उभी राहतात, आणि १७७६ संपता संपता पुण्यात त्याला मृत्युदंड होतो. मी हे पंधरा पानांत उरकलं होतं. माझ्या आठ जणांचा आठवडाभर वाद चालला. "इतक्या लोकांनी मानलं कसं?" "त्यांना मानायचंच असेल तर?" हा दुसरा प्रश्न तेरा वर्षांच्या मुलीने विचारला होता. पंधराची साठ पानं झाली. पानिपतात ज्या घरातलं माणूस परतलं नाही अशी किती घरं असतील, त्या प्रत्येक घरात एक भाऊसाहेब हवा होता. गोविंदाचा मामाही पानिपतातून आलेला नाही, हे मी नंतर पहिल्या पुस्तकात मागे जाऊन पेरलं.

दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने मालिका घेतली. एकेक भाग एकशे साठ पानांत बसवायची अट होती, ती मानली. नकाशा प्रत्येक पुस्तकात, तो मात्र मी सोडला नाही. चित्रकारानेही खूप विचारलं. शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यांचं काय करू? १८२८ च्या आगीत लाकडी इमारत जळून गेली, आज उभा आहे तो तट, दरवाजे आणि जोती. त्याने शेवटी वाडा लांबून काढलाच नाही. दाराच्या चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, पाण्यात पडलेलं कमानीचं प्रतिबिंब, एवढंच. गोविंदाच्या उंचीवरून दिसेल तेवढंच. मी त्याला रकान्यांविषयी काही सांगितलं नव्हतं.

आता सगुणेविषयी. ती पहिल्या पुस्तकात आली ती गोविंदाची मैत्रीण म्हणून. वाड्यातली कुणबीण, अकरा वर्षांची. कुणबिणी विकत घेतल्या जात, विकल्या जात, कोणाला बक्षीसही दिल्या जात. त्या काळच्या कागदांत त्यांच्या किमती गाई-म्हशींच्या किमतींसारख्या लिहिलेल्या सापडतात. पेशवाईची गोष्ट मुलांना सांगताना हे लपवायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. त्यावरही 'इतक्या लहान मुलांना कशाला' असं पुष्कळांनी म्हटलं. मी म्हटलं, सगुणा त्याच वयाची आहे. पण तिला पुस्तकात आणून मी तिचं काय केलं? ती निरोप आणायची, गोविंदाला खाऊ द्यायची, दुसऱ्या पुस्तकात गंगाबाईंबरोबर पुरंदरावर गेली आणि तिथून खबर देत राहिली. मला वाटत होतं, मी तिला न्याय दिला आहे.

तिसऱ्या पुस्तकाचा खर्डा झाल्यावर शाळेत आम्ही रामशास्त्र्यांचा निवाडा करून पाहिला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी धरलं, देहान्ताशिवाय याला प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगितलं आणि पुणं सोडून गेले. मुलांना निकाल ठाऊक होता, त्यांना चौकशी करायची होती. वर्गात चटया घातल्या. एक जण शास्त्री झाला. साक्षीदार एकेक येत गेले: तुळाजी, हरिपंत, गारदी, फडातला गोविंदा. दुपारी सुरू झालेलं ते शाळा सुटल्यावरही चालू होतं. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते.

शेवटी शास्त्री झालेल्या मुलाने आपली यादी पाहिली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, सगुणेला कोणी विचारलंच नाही. ती तर आत होती."

ती तर आत होती. चार वर्षं भिंतीवर तो कागद होता. सहा रकाने, तीनशेवर चौकोन, सगळे भरलेले. सगुणेला रकानाच नव्हता.

त्या रात्री मी अठरा एप्रिलमधून नऊ महिने मागे मोजले. जुलै १७७३ चा उत्तरार्ध. म्हणजे नारायणराव मारले गेले तेव्हा गंगाबाईंना जेमतेम महिना-दीड महिना झालेला, स्वतःचीही पुरती खात्री झालेली नसेल. पुढच्या काही आठवड्यांत ती बातमी कधीतरी बाहेर आली आणि तिच्यावर बारभाईंचा सगळा डाव उभा राहिला. मी नानांच्या रकान्यात ही बातमी लिहिली होती, बापूंच्या लिहिली होती, इंग्रजांच्या रकान्यातही. ती नानांपर्यंत पोचायच्या आधी कोणाला कळली असेल? न्हाणीघरात पाणी काढणारीला. सकाळी ताट तसंच परत नेणारीला. धुण्याची गाठोडी मोजणारीला. गादीला वारस येतोय हे त्या राज्यात सर्वांत आधी जिला कळलं असेल, तिला विकत घेतल्याची नोंद माझ्याच पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात होती.

पहिली दोन पुस्तकं छापून झाली आहेत, ती आता बदलता येत नाहीत. तिसरं मी परत मागून घेतलं. प्रकाशकांनी सहा महिने दिले. चौथ्याची सुरुवात आता तळेगावच्या धुरात होत नाही. १७७३ चा भाद्रपद, पितृपक्षातली एक पहाट, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर रिकामी घागर घेऊन उभी असलेली मुलगी. गोविंदा झोपलेला आहे. नाना झोपलेले आहेत. तिला काहीतरी कळलं आहे, आणि ते कोणाला सांगायचं, की सांगायचंच नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही.

भिंतीवरचा कागद उजव्या बाजूला संपला होता, तिथे खळ लावून मी दुसरा जोडला आहे.